घासभर उशीर

“आधी जेव. मग सांगते.”

एवढंच. एका बाईचा आवाज, तरुण, तळाशी थोडा घोगरा, घाई नसल्याचं सोंग आणणारा. त्या आवाजाला चेहरा नव्हता. बाकी सगळं त्याच्यापाशी नीट शाबूत होतं: पायाखालची गार फरशी, ताटाच्या कडेला पडलेला पोचा, भाताचा ढीग बोटांनी सारखा करून त्यात डाळीसाठी खळगा करणारा एक हात, आणि त्या हातातल्या नव्या बांगड्या, ज्या अजून मनगटाशी रुळल्या नव्हत्या आणि भात वाढताना उगाच कोपरापर्यंत धावून पुन्हा खाली येत होत्या. काचऱ्या होत्या, बटाट्याच्या, कडेनं जळालेल्या. त्या त्याला तशाच आवडायच्या. आवाजाची बाई मात्र ताट न घेता समोर बसली होती, गुडघ्याला मिठी मारून, आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि नेमकं तिचं तोंडच त्या चित्रातून कुणी कात्रीनं कापून नेल्यासारखं गेलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता चोवीस. मधल्या सतरा वर्षांत हा आवाज त्यानं कुठेही, कुणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो फोनवर ऐकू आला.

तो तेव्हा प्रयोगशाळेत यंत्रापुढे बसला होता. परदेशात येऊन दीड वर्ष तो हेच शिकत होता: धातू कसा थकतो. बोटाएवढ्या रुंदीची एक पट्टी यंत्राच्या जबड्यात धरायची. यंत्र ती वाकवतं, सरळ करतं, पुन्हा वाकवतं, हजार वेळा, लाख वेळा. आपण समोर बसून आकडा लिहायचा. कंटाळवाणं काम, पण त्याच्या स्वभावाला मानवणारं. त्याचे सर, कोटाच्या खिशात नेहमी तुटक्या पट्ट्या घेऊन हिंडणारे म्हातारे गृहस्थ, पहिल्याच दिवशी म्हणाले होते की पट्टी तुटते त्या क्षणी खरं म्हणजे काहीच घडत नसतं. घडायचं ते आधीच घडून गेलेलं असतं, आत, केसाएवढ्या भेगेत. तुटणं ही नुसती बातमी. सगळे हसले होते. त्याला हसू आलं नव्हतं.

“कासव बोलतोय ना?” फोनवरचा आवाज म्हणाला.

समुद्रापलीकडच्या या गावात त्याला कासव म्हणणारं कुणी नव्हतं. ते नाव घरातलं. उंबऱ्याच्या आतलं.

“कोण बोलतंय?”

“अरे, मी मामी. आज जेवायला ये आमच्याकडे.”

“आज? मामी, आज बुधवार आहे. मला इथे...”

“का, बुधवारी जेवत नाहीस का तू?”

विनोद होता. पण तो करून मामी हसली नाही, आणि तिनं न हसण्यामुळे त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. “काही विशेष आहे का?” त्यानं विचारलं. “विशेष काय असायचंय? ये. आधी जेव, मग बोलू.” आणि तळाशी घोगरा असलेला तो आवाज त्याच्या कानातून खाली उतरत, मानेवरून, पाठीच्या मणक्यांवरून एकेक पायरी मोजत त्या गार फरशीवर जाऊन उभा राहिला. समोर यंत्र पट्टी वाकवत होतं, सरळ करत होतं.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. कुणी घातली, कधी घातली, ठाऊक नाही. पण पाळायचे सगळे. वाईट बातमी रिकाम्या पोटी सांगायची नाही. माणूस पोटभर जेवला, त्यानं हात धुतले, पाणी प्यायला, की मग सांगायचं. कारण एकदा सांगितलं की मग दोन दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि दु:खाला सुद्धा अंगात बळ लागतं. सांगणाऱ्यानं मात्र जेवायचं नाही. सांगणारा उपाशी, ऐकणारा पोटभर. काका चेष्टेनं म्हणायचे, आमच्याकडे कुणी फार आग्रह करायला लागलं की पाव्हण्याचा घास हातातच राहतो. अक्का, त्याची मोठी बहीण, एकदा बारावीत नापास झाली तेव्हा तिनं स्वत:च आईला समोर बसवून दोन पोळ्या वाढल्या होत्या. आईनं पहिलाच घास मोडून विचारलं होतं, “किती विषयांत?” ही गोष्ट घरात अजून हसून हसून सांगायचे. पण हसायच्या गोष्टी थोड्या. बाकीच्या वेळी ते ताट म्हणजे ताटच असायचं, आणि समोरचं बिनताटाचं माणूस म्हणजे तेच.

बसमध्ये बसल्यावर त्यानं फोन हातात घेतला. आईचा नंबर वर आला. अंगठा त्यावर ठेवायचा, एवढंच काम होतं. त्यानं फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, डबा आणि वह्यांच्या खाली सारला. खिडकीबाहेर ढगाळ दुपार होती, दिव्यांशिवाय मिचमिचणारी दुकानं, एका इमारतीला बांधलेली परांची आणि तिच्यावर टोपी घातलेली माणसं. दर रविवारी आईचा फोन यायचा. जेवलास का, हा पहिला प्रश्न. जेवलो, हे पहिलं उत्तर. मागच्या तीन रविवारी तिनं तोंड दाखवलं नव्हतं. “कॅमेरा बिघडलाय रे,” म्हणाली होती. आवाज बारीक झालेला. “सर्दी,” म्हणाली होती. मागे एक घंटा वाजल्यासारखी वाजत होती, ठरावीक, टुक, टुक, टुक, आणि त्यानं विचारलं नव्हतं की ते काय वाजतंय. परवाच्या रविवारी अक्कानं फोन उचलला: “आई झोपलीये. तुझं सोमवारी काय ते सादर करायचंय ना? त्याकडे लक्ष दे.” तो बरं म्हणाला होता. आई दुपारी झोपत नाही. उभ्या जन्मात नाही. हे त्याला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तो बरं म्हणाला होता, फोन ठेवून त्यानं अंडी उकडली होती, मीठ लावून खाल्ली होती.

हे मामा म्हणजे आईच्या मावशीच्या दिराचा मुलगा. नातं असं की सांगता सांगता धाप लागावी. आई म्हणायची, “लांबचं असू दे. परदेशात लांबचंच जवळचं होतं. जाऊन ये एकदा.” दीड वर्ष ती सांगत होती आणि दीड वर्ष तो जाईन म्हणत होता. दोन बसच्या अंतरावर. आता तो निघाला होता, आणि बस अशी सुसाट चालली होती की एकही दिवा तांबडा लागत नव्हता.

मामी दारातच उभी होती. बेल वाजवायच्या आधीच. चाळिशीपलीकडची, ठेंगणी, कपाळावर पीठ लागलेली बाई, जिला त्यानं रस्त्यात ओळखलं नसतं. तिनं तोंड उघडलं. काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं, अगदी दातांशी येऊन उभं राहिलं, हे त्याला दिसलं. आणि ते येऊ नये म्हणून तो घाईनं बोलला: “वास छान येतोय, मामी.” तिचं तोंड मिटलं. “ये,” ती म्हणाली. “हात धू.”

घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघरातच जेवायचं टेबल, टेबलाला टेकून खिडकी, खिडकीत वाळत घातलेली फडकी. मामा लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचे. त्यांच्या अवजारांची पेटी दारामागे होती. बुधवारी दुपारी ते घरी होते, आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी त्याला मिठी मारली. जरा जास्त वेळ. “शेवटी आलास म्हणायचा! दीड वर्षात कासव दोन बस चालून आलं, काय? अरे, ससा सुद्धा एव्हाना झोप काढून, चहा पिऊन...” त्यांनी खुर्ची ओढून दिली.

टेबलावर दोन ताटं होती.

त्यानं मोजली. दोनच वस्तू मोजायला किती वेळ लागतो? तरी त्यानं पुन्हा मोजली. “मामी, तुम्ही?” “मी बसते मागाहून. तुम्ही घ्या.” तिनं झाकण काढलं आणि पातेल्यातल्या वाफेनं तिचा चेहरा पुसून टाकला. वाफ विरेपर्यंत तिथे फक्त एक आवाज होता आणि एक हात, भाताचा ढीग सारखा करणारा, मधे खळगा करणारा. बांगड्या आता मनगटाला घट्ट बसल्या होत्या. मग तिनं त्याच्या ताटात काचऱ्या वाढल्या. कडेनं जळालेल्या.

“तुम्हांला कसं माहीत,” तो म्हणाला, “मला अशा आवडतात ते?”

“माहीत आहे,” मामी म्हणाली. “मी केल्या होत्या की एकदा.”

मग तो चेहरा आपसूक त्या चित्रात येऊन बसला. सतरा वर्षांनी, कापलेल्या जागी अगदी तंतोतंत. हो, नवीनच लग्न झालं होतं यांचं. नातेवाइकांकडे एकेक दिवस जेवायला जात होते दोघं, त्या दिवशी त्याच्या घरी आले होते. आणि तेवढ्यात बाबांचं ते झालं. घरातल्या साऱ्या बायकांचे डोळे असे झाले की मुलासमोर जायची सोय उरली नाही. डोळे कोरडे असलेली एकच बाई घरात होती, जी बाबांना पुरतं ओळखतही नव्हती. तिला म्हणाले असतील, तू जा. तू भरव त्याला. मग तूच सांग.

तो जेवू लागला. सावकाश. पहिला घास त्यानं इतका चावला की त्यात चव उरली नाही, नुसतं चावणं उरलं. त्याचं कासव हे नाव इथूनच आलेलं. सातव्या वर्षापर्यंत तो वाघ मागे लागल्यासारखा जेवायचा. त्या दिवसापासून एकेका ताटाला तासतास लावू लागला. सगळ्यांना वाटायचं, खोड आहे. शाळेत मधली सुट्टी संपायची आणि याचा डबा अर्धाच. आई रागवायची नाही. ताट पुढ्यात असेपर्यंत बाजूला बसून राहायची, काहीतरी निवडत, टाके घालत, आणि स्वत:च जुळवलेल्या दोन ओळी गुणगुणायची, जात्यावरच्या ओव्यांसारख्या, जातं नसताना:

ताटातला भात सरे, ओठातली गोष्ट उरे,
पोटातलं दु:ख बाळा, माय जाणे, कोण दुसरे.

त्याला वाटायचं, ती तिच्याच दु:खाचं म्हणते आहे. तिला कोण होतं दुसरं.

“डाळ घे की,” मामी म्हणाली. “कोरडा भात काय खातोस?”

“घेतो.”

“अभ्यास काय म्हणतो?” मामांनी विचारलं. ते भराभर जेवत होते, मान खाली घालून, उरकल्यासारखे. “पट्ट्या तोडतोस म्हणे. अरे, मला सांगायचंस, आमच्याकडे रोज तुटतात. फुकट दिल्या असत्या.”

“तोडत नाही, मामा. आपोआप तुटतात. आम्ही फक्त बघतो.”

“नुसतं बघायला एवढ्या लांब?”

“हो,” तो म्हणाला.

तेवढ्यात चमच्यांचा खण वाजला. ओट्याखालचा, बंद असलेला खण. आतले चमचे एकमेकांवर आपटून थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. मामा आणि मामी दोघांनी खणाकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे. खणात कुणीतरी फोन ठेवला होता, आवाज बंद करून, आणि कुणीतरी दुरून, खूप दुरून, फोन करत होतं. चमचे वाजत राहिले. मग शांत झाले. “लोणचं?” मामी म्हणाली. त्यानं मान हलवली. खण पुन्हा वाजू लागला, आणि त्याच्या मनात आलं, ही अक्का. अक्का अशीच करते, पाठोपाठ. अक्काला विचारायचं असेल, सांगितलंत का? आणि यांनी अजून सांगितलं नाही, कारण ताटात भात आहे. जोवर ताटात भात आहे तोवर अक्का रडते आहे ते कशासाठी, हे ठरलेलं नाही. कॅमेरा बिघडलेला आहे. आईला सर्दी झालेली आहे. दुपारची झोप लागलेली आहे.

त्यानं ताटातला भात हळूच पसरवला, म्हणजे तो जास्त वाटावा.

“अजून थोडा वाढा,” तो म्हणाला.

मामीचा डाव हवेत थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, असं की जणू याच शब्दांची तिला सतरा वर्षं भीती वाटत होती. आणि त्यालाही आठवलं. तेव्हाही त्यानं मागून घेतला होता. दोनदा. ते तर घराण्यातलं पुराण होऊन बसलं होतं. कुणीही आलं की आई सांगायची, “पोराला काय माहीत बिचाऱ्याला! आत बाप गेल्याचं कळलंय आणि हा बाहेर बसून दोनदा भात मागून घेतोय. पोटभर जेवला. देवानं तेवढी दया केली.” ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. आणि तो प्रत्येक वेळी त्या हाताखाली मान घालून उभा राहायचा. अंगातून एक केसाएवढी रेघ वरपासून खालपर्यंत जायची. पुन्हा वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. किती वेळा? त्याचा आकडा कुणी लिहिला नव्हता.

कारण त्याला माहीत होतं.

तो खेळून घरात आला होता. मधल्या खोलीच्या दाराला पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर संपणारा. पडद्यापलीकडे काकांचा आवाज आला आणि तो थांबला. चपला बाहेर काढलेल्या. फरशी इतकी गार होती की त्यानं एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलं. “वहिनी,” काका म्हणाले, “खांबावरून पडला तो. तारेत वीज होती. दवाखान्यात नेईपर्यंत...” बाबा वायरमन होते. काका पुढे काहीतरी बोलले. आई ओरडेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. ती ओरडली नाही. मग तो वळला, स्वयंपाकघरात गेला, आणि तिथे नव्या बांगड्यांची ती बाई त्याला म्हणाली, आधी जेव, मग सांगते. तेव्हा त्याला एकदम कळलं की एक वाट आहे. रीत त्याला ठाऊक होती. जेवण झाल्याशिवाय सांगत नाहीत. सांगितल्याशिवाय झालेलं नसतं. म्हणजे जेवण संपवायचं नाही. सात वर्षांच्या पोराला सुचलेला हा एवढाच उपाय होता बाप वाचवायचा, आणि त्यानं तो जिवापाड केला. घास घोळवला. पाणी प्यायला. भात मागितला. पुन्हा मागितला. भूक नव्हती, गळ्याशी सगळं येत होतं, तरी तो ढकलत राहिला, ताट कधी रितं होऊ दिलं नाही, जोवर पोटानंच दगा दिला नाही तोवर. आणि पुढे सारे म्हणाले, पोटभर जेवला. बाप मेला हे ऐकून पोटभर जेवणारा मुलगा कसा असतो, हे फक्त त्यालाच माहीत होतं. ते त्यानं आईलाही कधी सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

आता टेबलाखाली, बुटांतून काढलेलं त्याचं एक पाऊल दुसऱ्या पावलावर जाऊन बसलं होतं. कधी, ते त्याला कळलं नव्हतं.

मामा उठले. त्यांनी आपलं ताट मोरीत ठेवलं, नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. भिंतीवरचं घड्याळ टुक, टुक करत होतं, रविवारच्या त्या फोनमागे वाजत होतं तसंच. त्याच्या ताटात एक घास उरला होता. भाताचा, डाळीनं ओला झालेला, त्याच्याच बोटांनी गोळा केलेला, एका जळक्या काचरीसकट. त्यानं तो उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“तेवढा संपव,” मामी म्हणाली. आवाज घाई नसल्याचं सोंग आणत होता, पण ते सोंग आता म्हातारं झालं होतं, त्याला धाप लागत होती. “टाकू नकोस. मग...”

“मग सांगाल.”

नळ बंद झाला. मामा पाठमोरेच उभे राहिले.

“मामी,” तो म्हणाला. घास त्याच्या बोटांत होता. “त्या दिवशी मला माहीत होतं.”

“कुठल्या दिवशी?”

“तुम्हांला माहीत आहे कुठल्या. तुम्ही म्हणालात, आधी जेव. मला तेव्हा माहीत होतं. मी ऐकलं होतं, पडद्याआडून. काकांनी सांगितलं ते सगळं. खांब, तार, सगळं. आणि मी येऊन जेवायला बसलो. मी... दोनदा भात मागितला, मामी. मला वाटलं, मी जेवत राहिलो तर तुम्हांला सांगता येणार नाही. आई सगळ्यांना सांगते, पोराला काही माहीत नव्हतं. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं. मी रोज म्हणायचो, आज सांगेन. आजही बसमध्ये फोन हातात घेतला आणि बंद केला. मला आजही माहीत आहे. दाराशी तुमचं तोंड बघितलं तेव्हाच... त्याच्याही आधी. तीन रविवार झाले. आणि मी आताही जेवतोच आहे.” त्यानं घास ताटात ठेवला आणि ताट पुढे सारलं. “मला हा घास खायचा नाही. सांगा.”

मामी खुर्चीवर बसली. तिनं ताटातल्या त्या घासाकडे पाहिलं, मग वाकून टेबलाखाली, त्याच्या पायांकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई,” ती पुटपुटली. “अजून तसेच ठेवतोस?”

खण पुन्हा वाजला. या वेळी मामांनी तो उघडला, फोन बाहेर काढला, त्यात नुसतं “थांब, बाळा” एवढंच म्हणाले आणि तो छातीशी धरून उभे राहिले.

“तिला माहीत होतं रे,” मामी म्हणाली.

“काय?”

“तुला माहीत होतं, ते.” आवाज तोच होता, सोंग तेवढं गळून पडलं होतं. “गेल्या मंगळवारी दवाखान्यातून फोन केला होता ताईंनी. मला म्हणाल्या, माझं काही झालं तर त्याला तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकायची सवय आहे त्याला. पण एक कर. या वेळी जेवायला घालून सांगू नकोस. मी म्हटलं, अहो ताई, आपली रीत आहे. तर म्हणाल्या, रीत गेली खड्ड्यात. म्हणाल्या, भाऊजी सांगत होते तेव्हा माझं तोंड पडद्याकडे होतं गं. पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते मला. एकावर एक ठेवलेले. मी ओरडले नाही ती त्या पायांसाठी. पुढे सगळ्यांना सांगत राहिले, पोराला काही माहीत नव्हतं, म्हणजे कुणी कधी त्याला बोल लावू नये. पण ते ऐकून तो आणखीच मिटत गेला, आणि मला ते सोडवता आलं नाही. तू सोडव. त्याला उपाशी सांग. दारात सांग. त्याला जेवत बसवू नकोस पुन्हा.”

तिनं डोळे पुसले नाहीत. ते आता कोरडे नव्हते, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

“आणि मी दार उघडलं, तू म्हणालास वास छान येतोय, आणि माझा हात डावाकडे गेला. सकाळपासून घोकत होते, आधी सांगायचं, आधी सांगायचं. पहाटे गेली रे तुझी आई. मला आधी सांगायचं होतं.”